दुष्ट अंगठी देखणीच असते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कल्पनारम्य कादंबऱ्यांतील खलनायकांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. तो अभ्यासून लिहिलेला आहे यात शंका नाही. पण त्याचा एकूण रोख असा होता की खलनायक जितका भयंकर आणि त्याच्याजवळची मंतरलेली वस्तू जितकी अक्राळविक्राळ, तितकी कादंबरी रंगते. हे मला पटले नाही. न पटण्याचे कारण माझ्या हाताच्या कामातून आलेले आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

मी ४४ वर्षे सोन्याचे दागिने घडवले. त्यातही अंगठ्या जास्त. नजर अधू झाली तेव्हा भट्टीपुढून उठलो आणि हातात पुस्तके आली. जादूगार, राक्षस, शापित तलवारी असलेली पुस्तके मला दिली ती माझ्या नातीने. ती १२ वर्षांची आहे. जाडजूड खंड ती मला संध्याकाळी वाचून दाखवते, इंग्रजी असले तर वाचता वाचता मराठीत सांगत जाते, आणि माझे म्हणणे पटले नाही तर पुस्तक मिटून वाद घालते. ३ वर्षे हा आमचा नेम आहे.

यंदा तिने स्वतःच एक गोष्ट लिहायला घेतली. गोष्टीत एक दुष्ट सम्राट आणि त्याची दुष्ट अंगठी. अंगठीचे चित्र काढून तिने माझ्यापुढे ठेवले. वर कवटी, कवटीच्या डोळ्यांत लाल खडे, कडेने काटे.

“आजोबा, अशी घडवता येईल?”

“येईल. पण घालणार कोण?”

“दुष्ट माणूस.”

“तो तर आधीच दुष्ट आहे. त्याला अंगठीची काय गरज? चांगल्या माणसाच्या बोटात ती कशी जाईल, ते सांग.”

ती रुसली. चित्र उचलून आत गेली. पण मला जे म्हणायचे आहे ते त्या वाक्यात येऊन गेले होते. बाकीचे पत्र त्याचाच विस्तार आहे.

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची सगळ्यांना माहीत असलेली अंगठी घ्या. १९५४-५५ साली तीन खंडांत ही कादंबरी आली आणि पुढच्या बहुतेक शापित वस्तू तिच्याच वंशातल्या आहेत. ही अंगठी दिसते कशी? इतर थोर अंगठ्यांना प्रत्येकी एक रत्न आहे, हिला काही नाही. ना खडा, ना नक्षी. नुसते सोन्याचे वळे. वाचून दाखवताना नात या ठिकाणी भरभर पुढे निघाली होती, मी तिला थांबवले. ज्याने हे लिहिले त्याला घडणावळ कळत होती असे मला वाटले. साधे वळे घडवणे सगळ्यांत अवघड. सोन्याची पट्टी वाकवायची, दोन टोके भिडवायची, सांध्याला टाकणखार लावून डाग द्यायचा, मग निमुळत्या सळईवर चढवून हलक्या हाताने ठोकत गोल करायची. नक्षी असेल तर सांधा नक्षीत लपतो. खडा असेल तर बघणाऱ्याची नजर खड्यावरच खिळते. साध्या वळ्यात चूक लपवायला कुठेही जागा नाही. तिथे फक्त सोने आणि गोलाई.

आणि टोल्किन यांनी नेमके तेच टिपले आहे. गॅन्डाल्फ हा जादूगार कादंबरीचा नायक फ्रोडो याला त्या अंगठीचा सगळा इतिहास सांगतो, ती नष्ट करायला हवी म्हणतो, आणि ‘करून बघ’ असे सुचवतो. फ्रोडो अंगठी खिशातून बाहेर काढतो, शेकोटीच्या ऐन धगीत फेकायची या निश्चयाने. पण ती हातात आल्यावर त्याच्या मनात येते की हिचा रंग किती सुरेख आहे, हिची गोलाई किती निर्दोष आहे. तो ती हातावर तोलत राहतो. मग जोर करून फेकायला म्हणून हात हलवतो, आणि बघतो तर अंगठी पुन्हा त्याच्या खिशात गेलेली असते. त्याआधी ती ज्याच्याकडे होती त्या बिल्बोचेही तसेच होते. अंगठी मागे ठेवून चाललो असे तो म्हणतो आणि ती निघते त्याच्याच खिशात.

या प्रसंगात कुठेही धूर नाही, किंकाळी नाही. एक भला माणूस एका सुंदर वस्तूकडे बघतो आहे, एवढेच. मला त्या रात्री झोप लागली नाही. कवटीच्या अंगठीने माझी झोप कधी उडवली नसती, कारण ती मी हातात घेतलीच नसती.

आता घडवणाऱ्याविषयी. आमच्या कामात घडवणाऱ्याचा हात वस्तूत उरतो. माझा एक सहकारी डावखुरा होता. त्याने घासलेल्या अंगठीच्या आतल्या बाजूला कानशीचे बारीक ओरखडे उलट्या कलाने जात. ३० वर्षांनी ती अंगठी दुरुस्तीला आली तरी मी ओळखत असे की ही त्याची. या कादंबऱ्यांतला चांगला खलनायक असाच त्याच्या वस्तूतून ओळखू येतो. सॉरॉन हा त्या कादंबरीचा खलनायक, पण एवढ्या मोठ्या तीन खंडांत तो समोर येऊन एकदाही बोलत नाही. एक डोळा, एक सावली, त्याच्या नावाने बोलणारा एक दूत. तरी तो पानोपानी जाणवतो, कारण त्याने आपल्या शक्तीचा मोठा अंश त्या वळ्यात ओतला आहे आणि ते वळे सतत कुणाच्या तरी गळ्यात, खिशात, मनात आहे. खलनायक दाखवायचा तर त्याचे दात आणि शिंगे रंगवण्यापेक्षा त्याने काय घडवले आणि का घडवले हे दाखवणे जास्त परिणामकारक असते.

याच सॉरॉनची आधीची हकिकत टोल्किन यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली आलेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये आहे. माझ्यासारख्या माणसाने ती वाचायलाच हवी. तो एल्फ जमातीच्या लोहार-सोनारांकडे देखण्या रूपात जातो, दानशूर म्हणून नाव सांगतो, आणि त्यांना विद्या शिकवतो. विद्या खरी असते. त्यांच्या हातून पूर्वी कधी झाल्या नव्हत्या अशा अंगठ्या होऊ लागतात. आणि मग तो गुपचूप, एकट्याने, त्या सगळ्यांवर ताबा चालवणारी एक अंगठी घडवतो. कारागिराला त्याच्याच कारागिरीच्या ओढीने फसवले. मी तरुण असतो आणि अशी विद्या शिकवणारा कुणी दारात आला असता, तर मी त्याला पाट मांडून बसवले असते. असा खलनायक मला खरा वाटतो. काळ्या किल्ल्यात बसून विनाकारण हसणाऱ्याला माझ्या दारात येण्याचे कारणच नाही.

वस्तूत जीव ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे हे आपल्या लेखात आले होतेच. राक्षसाचा प्राण पोपटात, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. रशियन लोककथेतल्या कोश्चेईचा मृत्यू सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडे बदकात, बदक सशात, ससा पेटीत. इजिप्तच्या दोन भावांच्या गोष्टीतला धाकटा आपले काळीज झाडावरच्या फुलात ठेवतो. ती गोष्ट ज्या पपायरसवर आहे तो ३ हजार वर्षांहून जुना आहे. पण या सगळ्यांत वस्तू म्हणजे लपवण्याची जागा. पोपट कुणाला मोह घालत नाही. तो सापडला, मान मुरगळली, राक्षस मेला. लहान मुलांना तेवढे पुरते.

मोहाची वाट निराळी आहे आणि तीही जुनीच. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकन एक गोष्ट सांगतो. भूकंपाने जमीन दुभंगते, एक मेंढपाळ आत उतरतो, तिथे काशाचा पोकळ घोडा, त्यात एक प्रेत, प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी. तिचे कोंदण तळहाताकडे फिरवले की घालणारा अदृश्य होतो. मेंढपाळ राजवाड्यात जातो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकनला विचारायचे आहे ते एवढेच, की पकडले जाण्याची भीती नसेल तर न्यायी माणूस न्यायी राहील का. या अंगठीला कुणी शाप दिलेला नाही. ती दुष्टही नाही. ती फक्त मोकळीक देते.

आणि आपल्या पुराणातला स्यमंतक मणी. रोज आठ भार सोने देणारा. शुद्ध माणसाजवळ तो कल्याण करतो, अशुद्ध माणसाजवळ घात. मण्याचा मालक सत्राजित, त्याचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला जातो, सिंह त्याला मारतो, सिंहाला जांबवान मारतो, आणि चोरीचा आळ येतो खुद्द श्रीकृष्णावर. पुढे त्याच मण्यापायी शतधन्वा सत्राजिताला झोपेत ठार करतो. एवढे खून पडतात, आणि मणी कसा असतो? सूर्यासारखा तेजस्वी. सत्राजित तो घालून येतो तेव्हा लोकांना वाटते साक्षात सूर्यच चालत आला. पुराणकाराला कवटीची गरज पडली नाही.

चांगल्या लेखकांनी हाच धागा पुढे नेला. जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ मालिकेतल्या दुसऱ्या भागात, १९९८ सालच्या, एक रोजनिशी आहे. कोरी. तिच्यात शाईने लिहिले की शाई मुरते आणि उत्तर उमटते. ११ वर्षांची जिनी तिच्यात आपल्या मनातले सगळे लिहिते, आणि रोजनिशी तिचे ऐकून घेते. नात हे वाचत होती तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. मी विचारले, भीती वाटते का? ती म्हणाली, “नाही, मला अशी वही आवडली असती.” खलनायकाने आपल्या आत्म्याचा तुकडा ज्या वस्तूत ठेवला, ती एका एकट्या मुलीला मैत्रीण वाटते. माझ्या मते त्या सातही पुस्तकांतली ही सर्वांत भेदक वस्तू. शेवटच्या पुस्तकातले लॉकेटही चांगले साधले आहे. तिघे जण ते आळीपाळीने गळ्यात घालतात आणि ज्याच्या गळ्यात असेल त्याचे मन कडवट होत जाते. पण लॉकेट गळ्यात घालतात ते जपायचे म्हणून, हौसेने नव्हे. रोजनिशी हौसेने उघडली जाते. हा फरक मोठा आहे.

तिथल्या खलनायकाचे चित्रही त्याच्या निवडीतून उमटते. व्होल्डेमॉर्टने आत्मा लपवायला गारगोटी किंवा गंजलेला खिळा निवडला असता, तर त्याला कुणी शोधू शकले नसते. पण त्याला हवे होते जादूच्या शाळेच्या थोर संस्थापकांचे लॉकेट, पेला, शिरोभूषण. त्याची घमेंड त्याला साध्या वस्तूला हात लावू देत नाही, आणि त्या घमेंडीनेच माग लागतो. एकही भाषण न करता माणूस उभा राहिला.

मायकेल मूरकॉक यांच्या कथांचा नायक एल्रिक याची तलवार स्टॉर्मब्रिंगर मात्र दिसायलाच काळी आहे, पात्यावर मंत्राक्षरे कोरलेली. १९६१ साली तो पहिल्यांदा छापून आला. आता तुम्ही म्हणाल, ही तर माझ्या म्हणण्याविरुद्ध जाते. नाही जात. एल्रिक जन्मतः अशक्त आहे, औषधांवाचून उभा राहू शकत नाही. तलवार ज्यांना मारते त्यांचे आत्मे पिते आणि ते बळ त्याला देते. रोग्याला चालायची ताकद देणारी वस्तू, मग ती काळी असो की गोरी, तो टाकणार कशी? पहिल्याच कथेत त्या तलवारीने त्याची प्रेयसी मरते. तो ती समुद्रात फेकतो. ती बुडत नाही, पाण्यावर किंचाळत राहते, आणि तो पोहत जाऊन तिला परत घेतो. हे मी नातीला वाचू दिले नाही, स्वतः वाचले. पोहत जाणारा तो माणूस डोळ्यांपुढून हलत नाही.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या १९९० सालच्या ‘द आय ऑफ द वर्ल्ड’मध्ये एक मोडकळीला आलेले शहर आहे. त्या शहराने कधी काळी दुष्ट शक्तीशी लढताना दुष्टांचेच मार्ग वापरले, एकमेकांवरचा संशय वाढत गेला, आणि शहर स्वतःलाच खाऊन संपले. तिथून मॅट नावाचा एक हूड मुलगा माणकाच्या मुठीचा खंजीर चोरून खिशात घालतो. पुढे तो सोबत्यांवरच संशय घेऊ लागतो. वस्तूचे विष कुठून आले, ते त्या शहराच्या इतिहासात आहे, आणि ते विष नेमके कसले, ते मुलाच्या वागण्यात दिसते. घडवणाऱ्याचा हात वस्तूत उरतो म्हणतो तो असा.

अर्सुला ले ग्विन यांनी तर १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये खलनायकच ठेवला नाही. गेड हा तरुण जादूगार ईर्षेपोटी नको तो मंत्र म्हणतो, एक सावली मोकळी सुटते आणि त्याचा पाठलाग करते. शेवटी तो तिला नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच. नातीला हे आधी कळले नाही, दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या दारातूनच म्हणाली, “आजोबा, ती सावली म्हणजे तोच.”

आता नकलांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. या ३ वर्षांत आम्ही अशीही बरीच पुस्तके वाचली ज्यांची नावे घेण्यात अर्थ नाही. सगळ्यांत एक अंधाराचा स्वामी, त्याचे नाव दात-ओठ खाऊन उच्चारायचे, त्याचा मुकुट किंवा गोळा किंवा खंजीर, तो तीन तुकड्यांत विभागलेला, तुकडे गोळा करायचे, मग ज्वालामुखीत किंवा अथांग डोहात टाकायचा, की सैन्यासकट स्वामी खलास. वस्तू हातात घेतल्यावर नायकाचे काय होते? एक-दोनदा डोके दुखते. ती वस्तू त्याला काही देऊ करत नाही. त्याला हवे असलेले, लाजेने कुणाला न सांगितलेले असे काही ती ओळखत नाही. म्हणजे ती फक्त किल्ली झाली. लेखकाने टोल्किनकडून डोंगर उचलला आणि डोंगरावर काय घडले ते तिथेच सोडले.

डोंगरावर काय घडले? फ्रोडो हरला. अंगठी नष्ट करायला निघून, इतक्या यातना सोसून, ज्वालामुखीच्या अग्नीच्या कड्यावर पोचल्यावर तो म्हणतो की मी हे करणार नाही, अंगठी माझी आहे. आणि ती बोटात घालतो. पूर्वी ती अंगठी बाळगलेला आणि तिच्यामागे वेडा झालेला गॉलम त्याचे बोट दाताने तोडतो आणि अंगठीसकट आगीत पडतो, म्हणून जग वाचते. नायकाच्या निश्चयाने वाचत नाही. गॉलमला यापूर्वी अनेकदा मारता आले असते. बिल्बोने आणि फ्रोडोने दया केली, म्हणून तो तिथे होता. घरी परतल्यावरही फ्रोडो बरा होत नाही. शेवटी त्याला जहाजाने ते जग सोडून जावे लागते. ही किंमत ज्यांना मोजायची नसते त्यांनी ज्वालामुखी उसना घेऊ नये, असे मला पोटतिडकीने वाटते.

एक अनुभव सांगतो. बोटाला सूज येऊन अंगठी रुतली की लोक आमच्याकडे येत. साबण, तेल, दोरा गुंडाळून सरकवणे, हे सगळे करून निघाली नाही तर बारीक करवतीने कापावी लागते. कापलेली अंगठी पुन्हा सांधून देता येते, हे आम्ही आधीच सांगायचो. एकदा एक गृहस्थ आले. बोट निळे पडलेले, रक्त थांबलेले. मी करवत घेतली आणि त्यांनी हात मागे ओढला. म्हणाले, बोटाला काही करा, अंगठीला लावू नका. ते घाबरट नव्हते, लोभी नव्हते. त्या अंगठीत त्यांचे काहीतरी होते. अर्धा तास समजूत घालावी लागली. फ्रोडो कड्यावर उभा असलेले प्रकरण नातीने वाचले तेव्हा मला ते निळे बोट आठवले. टोल्किन यांना अशी अंगठी कापण्याचा प्रसंग आला नसेल, पण हात मागे ओढणे त्यांना ठाऊक होते.

अशी जाण एका बैठकीत येत नाही, याचाही पुरावा त्यांच्याच पुस्तकांत आहे. १९३७ साली ‘द हॉबिट’ आले तेव्हा ती अंगठी नुसती अदृश्य करणारी गमतीची वस्तू होती. त्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस द्यायला राजी असतो, ती सापडत नाही तेव्हा चक्क माफी मागतो आणि बिल्बोला वाट दाखवतो. पुढे मोठी कादंबरी लिहिताना लेखकाच्या लक्षात आले की ज्याच्याजवळ ही अंगठी आहे तो ती खुशीने देणे शक्य नाही. मग १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले. आणि जुनी हकिकत? ती बिल्बोने रचलेली थाप ठरवली. सरळमार्गी बिल्बोने थाप मारली, हाच अंगठीचा पहिला डाग. आधी छापून गेलेली चूक लेखकाने वस्तूच्या स्वभावात वितळवून टाकली. आमच्यात मोडीचे सोने वाया घालवत नाहीत, मुशीत टाकून त्याचे नवे करतात, तसे हे काम.

लेखात आणखी एक मुद्दा होता, की असल्या गोष्टी कुठल्या तरी युद्धाचे किंवा राजकारणाचे रूपक असतात. टोल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे साफ नाकारले आहे. उलट त्यांनी म्हटले आहे की खऱ्या युद्धावर बेतले असते, तर चांगल्या पक्षाने अंगठी हस्तगत करून सॉरॉनविरुद्ध वापरली असती. मला वाटते, यातच कादंबरीचा कस आहे. तिच्यातले शहाणे लोक अंगठी नाकारतात. गॅन्डाल्फ नाकारतो, कारण चांगले करण्याच्या इच्छेतूनच आपण बिघडू हे त्याला कळते. फ्रोडोचा सोबती योद्धा बोरोमीर, त्याला आपले शहर वाचवायचे असते, म्हणून तो झडप घालतो. सॅम हा माळी, त्याला अंगठी दाखवते काय, तर उजाड प्रदेशभर फुललेली एक प्रचंड बाग. प्रत्येकाला त्याच्या मापाची. आणि ती खरोखरच बोटाच्या मापाने लहानमोठी होते. हा तपशील अनेकांना जादूची गंमत वाटतो. मी मात्र मापे घेण्यात जन्म घालवला आहे. प्रत्येक बोटाला नेमकी बसणारी अंगठी जगात असू शकली, तर तिला घाबरायला हवे.

म्हणून माझी आपल्या समीक्षकांना आणि नव्याने असे लेखन करू पाहणाऱ्या तरुण मराठी लेखकांना कळकळीची विनंती आहे. खलनायक किती क्रूर, हे मोजू नका. त्याची वस्तू हातात घेणाऱ्याला काय मिळते, ते आधी विचारा. मिळणारे खरोखर मिळाले पाहिजे. फसवे निघाले तर वाचक सुटतो. आणि घडवणाऱ्याला ती घडवताना काय द्यावे लागले, तेही विचारा. जर्मन संगीतकार वाग्नर यांच्या संगीतनाट्यात ऱ्हाइन नदीच्या सोन्याची अंगठी घडवायला आधी प्रेमाचा त्याग करावा लागतो. हे एक वाक्य त्या घडवणाऱ्या बुटक्याविषयी जेवढे सांगते तेवढे दहा पाने वर्णन सांगणार नाही.

नातीच्या गोष्टीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आठवडाभर ती माझ्याशी त्या विषयावर बोलली नाही. मग एका संध्याकाळी नवे चित्र घेऊन आली. कवटी गेली होती, अंगठीही गेली होती. एक साधी कुडी होती, एकाच कानात घालायची. गोष्टीतला सम्राट ती म्हाताऱ्या माणसांना फुकट वाटतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ती घातली की स्वच्छ ऐकू येते, पण त्यांना जे ऐकायला आवडेल तेवढेच. दुसरे कुणी काहीही म्हणाले तरी कानात गोडच शब्द पडतात. हळूहळू घरातली माणसे मदतीसाठी ओरडतात आणि म्हातारी माणसे हसून मान डोलावतात.

माझ्या उजव्या कानाला ६ वर्षांपासून कमी ऐकू येते. तिला ते माहीत आहे. ती नेहमी डाव्या बाजूला बसते. मी चित्र बराच वेळ बघितले.

“तुम्हाला दिली तर घालाल, आजोबा?”

“घालीन,” मी म्हटले. खोटे बोलता आले नाही.

तिने वहीत काहीतरी लिहून घेतले. मग म्हणाली की शेवट जमत नाही, ती कुडी नष्ट कशी करायची ते सुचत नाही. मी माझ्या माहितीतले सांगितले. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. आमच्या भट्टीतही वितळेल, तिला ज्वालामुखी लागणार नाही.

“वितळेल हो,” ती म्हणाली, “पण कानातून काढणार कोण?”

कळावे,
आपला एक जुना वाचक
(निवृत्त सुवर्णकारागीर)